एकच ठेवायची झाली तर

माझ्याकडे रायफल नाही. परवाना नाही, आणि तो मागण्यासारखं एकही कारण मला पोलिस आयुक्तालयापुढे मांडता येणार नाही. मटण मी आमच्या वसईतल्या पापडीच्या बाजारातून आणतो आणि घासाघीस सोडली तर त्यात पराक्रम असा काही नसतो. तरीही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी एकच रायफल आणि एकच काडतूस ठेवायचं झालं तर कोणतं, या प्रश्नावर माझं ठाम मत आहे. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून भारताचा क्रिकेट संघ निवडणाऱ्या गृहस्थाला जो अधिकार असतो, तोच माझा.

हे खूळ डोक्यात शिरलं ते दोन वाटांनी. एक वाट वाचनालयातली. शाळकरी वयात जिम कॉर्बेट मराठी अनुवादातून हाती लागला आणि नरभक्षकांइतकीच त्याच्या हातातली हत्यारं लक्षात राहिली. दुसरी वाट आमच्या आळीतल्या काकांच्या ओटीवरची. काका रेल्वेत होते. साठच्या दशकात, मी जन्मायच्या आगेमागे, ते जंगलखात्याचा रीतसर परवाना काढून वसईच्या पूर्वेच्या तुंगारेश्वरच्या डोंगरांत जात. तेव्हा जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत. ब्लॉक राखून घ्यायचा, फी भरायची, कुठलं जनावर मारायला परवानगी आहे ते कागदावर लिहून मिळायचं. मला आठवतात ते काका मात्र शिकार संपल्यानंतरचे, म्हणजे रायफल पुसणारे.

प्रश्न वरवर पाहता सरळ आहे. महाराष्ट्राच्या जंगलात वीस-पंचवीस किलोचं भेकर असतं आणि हजार किलोच्या घरात जाणारा गवाही असतो. मधे चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या, वाघ. भेकराला जी गोळी चिंधड्या करून टाकेल ती गव्याच्या खांद्यात अर्ध्यावर थांबेल. म्हणून पूर्वीचे ऐपतदार शिकारी दोन-तीन हत्यारं बाळगत, आणि ती उचलून चालणारा माणूस वेगळा असे. ज्याला स्वतःचंच ओझं स्वतः वाहायचं, त्याला एकातच भागवावं लागे. हा प्रश्न मुळात मध्यमवर्गीय आहे, आणि मला तो आवडण्याचं तेही एक कारण असावं.

जगात याची ठरलेली उत्तरं आहेत. अमेरिकन माणूस 'थर्टी नॉट सिक्स' म्हणेल. १९०६ साली त्यांच्या फौजेने घेतलेलं काडतूस. हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्याला लावतात, आणि खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतं म्हणतात. आफ्रिकेत मुरलेला माणूस हॉलंड अँड हॉलंडची 'थ्री सेव्हन्टी-फाइव्ह' सांगेल. ती १९१२ची. तिकडच्या कित्येक देशांत धोक्याच्या जनावरांसाठी यापेक्षा लहान बोअर कायद्यालाच चालत नाही. हिच्या हलक्या गोळीने हरीण मारता येतं आणि जड गोळीने हत्ती. खांद्याला धक्का सणसणीत बसतो, पण सोसण्यापलीकडचा नाही. कागदावर पाहिलं तर वाद इथेच मिटायला हवा.

तो मिटत नाही याला कारण कॉर्बेट. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हिवेट यांनी त्याला रिग्बीची 'टू सेव्हन्टी-फाइव्ह' रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची चकती आहे. चारशे छत्तीस माणसं मारलेल्या वाघिणीचं बक्षीस म्हणून मिळालेलं हे हत्यार मोठं, धडाडणारं असेल असं वाटतं, आणि निघतं काय तर सात मिलिमीटरची सडपातळ, हलकी रायफल. तिचं काडतूस म्हणजे जर्मनांचं १८९२चं सात बाय सत्तावन्न माउझर. इंग्रजांनी त्याला आपलं नाव दिलं इतकंच. दोन नळ्यांची जड रायफलही कॉर्बेटकडे होती, पण डोंगर चढायचे असत तेव्हा हातात बहुतेक ही सडपातळ. १९२६च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने हिनेच मारला. आंब्याच्या झाडावर, काळोखात, नळीला विजेची बॅटरी बांधून.

आफ्रिकेत कारामोजो बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने याच काडतुसाने शेकड्यांनी हत्ती मारले. हत्तींविषयी मला वाईट वाटतं, पण इथे मुद्दा वेगळा आहे. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून आत मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहून ठेवलं होतं. सात मिलिमीटरची गोळी लांब आणि बारीक. तेवढ्याच वजनाची जाड गोळी हाडात फुटते किंवा अडते, तिथे ही सरळ आत शिरत जाते. पण ती पोचायला हवी तिथेच पोचली पाहिजे. बेलची रायफल घेऊन बेलचं डोकं न घेता गेलेल्या माणसांनी जनावरं घायाळ करून सोडली आणि काहींनी स्वतःचा जीवही घालवला. लहान बोअरच्या बाजूने बोलणारे आमच्यासारखे लोक बेलचं नाव घेतात आणि करवतीचं विसरतात.

आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आणखी तिसरंच उत्तर दिलं असतं, आणि ते मला फार हुशार वाटतं. फॉस्बेरी नावाचा बंगाल आर्मीतला अधिकारी होता. त्याने १८८५च्या सुमारास बारा बोअरच्या बंदुकीला नळीच्या तोंडाशी, अगदी शेवटच्या दोनेक इंचांतच, आटे पाडायची युक्ती काढली. हॉलंड अँड हॉलंडने ती 'पॅराडॉक्स' नावाने विकली. छर्ऱ्याचं काडतूस घातलं की तित्तिर, ससे. गोळीचं घातलं की डुक्कर, वाघ. हिंदुस्थानातल्या जंगलात सावज दिसतं तेच मुळी पन्नास-साठ यार्डांवर. बांबूच्या बेटातून किंवा करवंदीच्या जाळीतून दोनशे यार्डांवरचं काही दिसतच नाही, तर मारणार कशाला? जंगल पाहून बनवलेलं हे हत्यार. तक्ते पाहून रायफल निवडणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण तक्त्यात करवंदीची जाळी नसते.

आता काकांची रायफल. ती यांपैकी कुठलीच नव्हती. ती होती 'थ्री-फिफ्टीन', म्हणजे ३१५ बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. तिची हकीकत सांगायची तर जरा मागे जावं लागेल, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत रस वाटतो तो याच हकिकतीत.

इंग्रज सरकारला हिंदुस्थानात एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे फौजेची काडतुसं रयतेच्या हातात पडण्याची. एकोणिसाव्या शतकात फौजेची मार्टिनी-हेन्री रायफल ४५० बोअरची होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये त्या बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली. वाघ-हत्तींचे शौकीन साहेब आणि संस्थानिक नेमक्या त्याच बोअरच्या दुनळी रायफली वापरत होते. लंडनचे बंदूकवाले अडचणीत आले. मग एकाने ४६५ काढली, दुसऱ्याने ४७०, तिसऱ्याने ४७५. त्यातली ४७० आजही आफ्रिकेत हत्ती-रेड्यांसाठी चालते. सरकारच्या एका हुकमाने जगातल्या शिकारी काडतुसांची मापं बदलली, हे त्या ४७० वापरणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

तीच तऱ्हा 'थ्री नॉट थ्री'ची. १८८८पासून ती फौजेची. म्हणून नागरिकाला मनाई. पण रायफल मागणारे नागरिक तर होतेच. तेव्हा कुठल्याही ब्रिटिश पलटणीकडे नसलेलं काडतूस शोधायचं होतं. ते सापडलं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेत. आठ मिलिमीटरचं मान्लिकर, १८९०च्या आसपासचं. जाडजूड, बुडाला कडा असलेलं, २४४ ग्रेनची बोथट गोळी सावकाश फेकणारं. बर्मिंगहॅमच्या बीएसएने ली-एनफील्डच्याच यंत्रावर या बोअरच्या रायफली बनवून इकडे पाठवल्या. पुढे इशापूरने तेच चालू ठेवलं. ज्या साम्राज्याचं हे काडतूस, ते पहिल्या महायुद्धात बुडालं. त्याच्या फौजेने ते टाकून दिलं. आणि आपल्याकडे ते परवानाधारकाचं नेहमीचं रायफलचं काडतूस होऊन बसलं, ते आजतागायत. इशापूरने पुढे थर्टी नॉट सिक्सही काढली, पण गावोगावच्या कपाटांत आहे ती थ्री-फिफ्टीनच.

काडतुसं कुठली, तर पुण्याच्या खडकीची. १८६९पासूनचा तो दारूगोळ्याचा कारखाना. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसंही तिथलीच. काकांकडे काडतुसांचा एक खोका होता, त्याच्या पुठ्ठ्याला कोपऱ्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. त्यातलं एक ते मला हातात धरू देत. पितळ जड आणि गार लागे. टोकाला शिसं उघडं, करड्या रंगाचं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. ते आदळल्यावर छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते जनावराच्या आत थांबतं आणि सगळा जोर तिथेच खर्ची पडतो, हे काकांनी बोटं मिटून आणि उघडून दाखवलं होतं.

बुडाच्या कडेचं एक लचांड असतं. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक भरताना प्रत्येकाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे पडली पाहिजे. एकही मागे पडली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन काडतुसं एकमेकांत अडकतात, आणि ते कळतं तेव्हा समोर डुक्कर असतं. काका डोळे मिटून भरत. अंगठ्याने दाबून किंचित मागे ओढायचे, की 'टक' असा आवाज यायचा. पुढे मी पुस्तकांतून वेगवेगळ्या काडतुसांचे वेग आणि पल्ले पाठ केले, पण त्या 'टक'विषयी त्या पुस्तकांत अवाक्षर नव्हतं.

साफसफाई ही तर वसईत शिकारीपेक्षा मोठी कला म्हणावी लागेल. इथली हवा खारी. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, कुलपं एका आठवड्यात घट्ट होतात. जुन्या काडतुसांच्या टोपीत असा क्षार असे की तो नळीत राहिला तर ओल धरून पोलाद खाई. म्हणून बार काढल्यावर त्याच रात्री नळीतून उकळतं पाणी सोडायचं, मग गजाला फ्लॅनेलची चिंधी लावून ती कोरडी निघेपर्यंत फिरवायची, आणि शेवटी तेलाचा हात. काकू त्यासाठी शिलाई मशीनचं तेल देत आणि बाटली परत मागून घेत. शिकार बंद झाली, बार निघेनासे झाले, तरी पावसाळाभर काका दर पंधरवड्याला रायफल बाहेर काढत. अक्रोडाचा दस्ता दमट हवेत फुगतो, तो नळीला चिकटून तिला रेटतो आणि नेम सरकतो. हे त्यांनी मला कागदाचा कपटा नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून दाखवलं. कपटा अडला की समजायचं, लाकूड फुगलं. मे महिन्यात लावलेला नेम ऑगस्टमध्ये खरा राहत नाही. जगातल्या बहुपयोगी रायफलींची चर्चा ऐकताना मी हल्ली मनात विचारतो, तुमची रायफल वसईत एक पावसाळा काढेल का?

"लांब मारता येतं म्हणून लांब मारायचं नसतं," काका म्हणत. त्यांची हद्द ऐंशी पावलांची. त्यापलीकडे उभ्या सांबरावर त्यांनी बार टाकला नाही, याची साक्ष त्यांच्याबरोबर हाक्याला जाणाऱ्यांकडून मी पुढे ऐकली. तीही तक्रारीच्या सुरात, कारण त्या रात्री सगळे कोरड्या भाकरीवर झोपले होते. थ्री-फिफ्टीनची ती जड, सावकाश गोळी ऐंशी पावलांत भेकराचं मांस फार नासत नाही आणि डुकराला जागेवर बसवते. त्या अंतरापलीकडे ती झपाट्याने खाली येते. म्हणजे ती रायफल ज्या अंतरात भली, त्याच अंतरात काका भले. ऑस्ट्रियाने फौजेसाठी बनवलेलं आणि इंग्रजांनी नाइलाजाने दिलेलं काडतूस तुंगारेश्वरच्या जंगलाला बेतून शिवल्यासारखं बसलं, यात कुणाचीच हुशारी नव्हती.

मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्याच्या मूळ रूपात एक गंमत आहे, ती आता फार कुणाच्या ध्यानात नसते. शिकार तेव्हाच पूर्ण बंद झाली नव्हती. कायद्याने जनावरांची अनुसूचीवार विभागणी केली होती: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार, आणि त्या त्या वर्गाचे परवाने ठेवले होते. 'मोठी शिकार' या वर्गात सांबर होतं, चितळ होतं, आणि आपलं वीस किलोचं भेकरही होतं. आफ्रिकेतल्या रेड्यासाठी जो शब्द साहेबांनी वापरला, तो आपल्या कायद्याने करवंदीच्या जाळीत भुंकणाऱ्या त्या जिवाला लावला. १९९१च्या दुरुस्तीने हे सगळे परवाने गेले आणि शिकार संपली. २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झालं. काकांचा जुना ब्लॉक त्यात गेला. याचं त्यांना वाईट वाटलं का, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, "आम्ही होतो तोवरच जनावर कमी झालं होतं रे. बंद झालं ते बरंच झालं." आणि गज पुसत राहिले.

शिकार संपली, पण बंदुकीचा प्रश्न वसईच्या पूर्वपट्टीत संपलेला नाही. पारोळ, भाताणे, शिवणसई या बाजूला भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. खातात त्याहून जास्त तुडवतात. तिकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर मी त्याच्या बांधावरून फिरलो. वाफा नांगर फिरवल्यासारखा उकरलेला होता, चिखलात खुरांचे जोडठसे, आणि कुंपणाला बांधलेल्या जुन्या साड्यांतली एक फाटून लोंबत होती. मी आपलं पुस्तकी ज्ञान पाजळलं. म्हटलं, पीक राखण्यासाठी शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. तो हसला. "दादा, परवान्याचे कागद सांभाळू का भात सांभाळू?"

त्याचं बरोबर होतं. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी नाव घेतलं आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, शिसं घालायचं, पुन्हा बोळा, मग टोपी चढवायची. हे सगळं एका बारासाठी. भाताला डुकराचा उपद्रव होतो तो पावसात आणि पावसाच्या शेवटाला, म्हणजे नेमकी दारू सादळते तेव्हा. बरं, बंदूक मिळाली म्हणून डुक्कर मारता येत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारजमा. डुकराच्या बाजूनेही बोलायला हवंच. त्याच्या डोंगराच्या पायथ्याला गोदामं आणि रिसॉर्ट उठली आहेत, तो जाणार कुठे? पण रायफलींच्या गप्पा मारणाऱ्या आम्ही मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं की या तालुक्यात हत्याराची खरी गरज असलेल्या माणसाला निवड कधी मिळालीच नाही. तो सुतळी बॉम्ब वापरतो. आणि डबा बडवत रात्र काढतो.

पश्चिमेला तर गंमतच झाली. २०२४च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या माणसांनी ज्या तटाखाली सुरुंग पेरले, त्याच तटांच्या आत तो तीन आठवड्यांहून जास्त राहिला. लोकांनी संध्याकाळची फिरणी बंद केली. जो तो शिकारकथा सांगू लागला. वनखात्याने कॅमेरे लावले, पिंजरे लावले, आणि एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडला. वसईच्या पश्चिमेला एवढं मोठं जनावर आलं, आणि त्याच्यासाठी एकही काडतूस खर्च झालं नाही. मला तरी ही बातमी कॉर्बेटच्या कुठल्याही गोष्टीइतकी आवडली.

आज महाराष्ट्रात एकच रायफल जिवाभावाने निवडणारी माणसं म्हणजे नेमबाज. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. काडतूस पॉइंट टू-टूचं, ज्याने मोठं जनावर मारायची गोष्टच नको. राधानगरी म्हणजे दाजीपूरच्या गव्यांचा तालुका, कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान. तिथला मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि काळ्या वर्तुळावर नेम धरून पदक घेऊन आला. याहून चांगला बदल मला सुचत नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा थोरला मुलगा कॅनडात असतो. तिकडे त्याच्या कामावरचे लोक शरदात मूस मारायला जातात, एका जनावराच्या मांसावर घराचा हिवाळा निघतो, आणि तिथे हा प्रश्न खराखुरा आहे. त्याने मला फोनवर विचारलंही, "तुझं काय मत? थर्टी नॉट सिक्स घेऊ का?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरोखर विचारलं. मी म्हटलं, तिथल्या गावच्या दुकानात कायम काय मिळतं ते बघ आणि तेच घे. पल्ले, वेग, धक्का हे सगळं नंतर. त्याला उत्तर फार साधं वाटलं असावं. पण ते काकांचंच उत्तर आहे, फक्त त्यांनी ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं.

तर माझा निवाडा. सगळं जग मोकळं असेल आणि पैसा आड येत नसेल, तर सात बाय सत्तावन्न. हलकी, मृदू, आणि नेमाला चुकारपणा करू न देणारी. गवा तिच्या यादीतून काढून टाकायचा, त्याने गव्याचंही भलं होईल. पण काडतूस मिळत नसेल तर ती रायफल म्हणजे महागडी काठी. आपल्या देशात, आपल्या कायद्यात, काकांच्या काळात आणि आजही, उत्तर थ्री-फिफ्टीन. तिची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ऐंशी पावलांच्या आत राहून दाखवावं.

शेवटी एक कामाची गोष्ट. वसई, वाडा, जव्हार, डहाणूकडे कितीतरी जुन्या घरांत आजोबांची दुनळी किंवा थ्री-फिफ्टीन कपाटामागे, माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असते. परवानाधारक गेल्यावर ती तशीच घरात ठेवणं हा गुन्हा ठरतो; बंदूक वापरात आहे की गंजली आहे याने फरक पडत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. २०१६च्या नियमांप्रमाणे मूळ धारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर त्याच्या हयातीतही. नको असेल तर शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. काकांच्या मुलांनी तेच केलं. आपल्याकडे असं काही असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी काढा आणि जाऊन जमा करा. पावती मात्र घ्या.